मुक्ता, टिरो, अनेक, बलू: मराठी पानाचा चेहरा ठरवणारे फुकटातले फॉन्ट, वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

सरळ मुद्द्यावर येतो. तुमची मराठी साइट असेल, होमस्टेची असो, कवितांची असो, नाहीतर साड्यांच्या दुकानाची, येणारा माणूस पहिलं वाक्य वाचायच्या आधीच ठरवून मोकळा झालेला असतो की हे पान बरं दिसतंय का कसंतरीच दिसतंय. मजकूर त्याने अजून वाचलेलाच नसतो, फक्त अक्षरं बघितलेली असतात. हे मी मनाचं सांगत नाहीये, कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठात गिट्टे लिंडगार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली छापलेला एक अभ्यास आहे, त्यात लोकांना वेबपानं जेमतेम ५० मिलिसेकंद दाखवली आणि विचारलं की दिसायला कसं वाटलं, तर त्यांनी दिलेले मार्क जास्त वेळ बघून दिलेल्या मार्कांशी चांगलेच जुळले. ५० मिलिसेकंदात शीर्षकसुद्धा वाचून होत नाही राव. डोळ्याला दिसतात ते रंग, मोकळी जागा, एखादा फोटो आणि अक्षरांचा गठ्ठा. आणि मराठी पानावर बहुतेक वेळा बोंब होते ती याच गठ्ठ्यात.

का होते ते सांगतो, कारण ते कळलं तरच पुढचा रिव्ह्यू उपयोगाचा आहे. तुम्ही एखादं छान टेम्प्लेट, म्हणजे साइटचं तयार डिझाइन, बघता, फुकट किंवा विकतचं, डेमोमध्ये इंग्रजी मजकूर असतो आणि शीर्षकाला मॉन्टसेराट नाहीतर प्लेफेअर डिस्प्ले असा कुठलातरी देखणा फॉन्ट लावलेला असतो. तुम्ही खूश होऊन ते घेता, आपला मराठी मजकूर टाकता, आणि तो देखणेपणा गायब होतो, कारण या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत. मग ब्राउझर काय करतो, फोनमध्ये किंवा कॉम्प्युटरमध्ये जो देवनागरी फॉन्ट पडलेला असेल तो उचलून लावतो. अँड्रॉइडवर नोटो सॅन्स देवनागरी, आयफोनवर कोहिनूर, विंडोजवर निर्मला, नाहीतर अगदी जुन्या मशीनवर मंगल. आणि पानावर मध्येमध्ये जे इंग्रजी शब्द, फोन नंबर, इंग्रजी आकडे असतात ते मात्र त्याच देखण्या फॉन्टमध्ये राहतात, म्हणजे शेरवानीवर रबरी चप्पल. तुमच्या पानाचा चेहरा तुमच्या हातात राहतच नाही, ज्याच्या त्याच्या फोनप्रमाणे तो बदलत जातो.

(मंगलला शिव्या घालायची फॅशन आहे, मी घालणार नाही. र. कृ. जोशींनी केलेला फॉन्ट तो, विंडोज २००० बरोबर आला आणि तेव्हा स्क्रीनवर युनिकोड मराठी, म्हणजे सगळ्या मशीनवर सारखी चालणारी मराठी, दिसणं हीच मोठी गोष्ट होती. त्या वेळच्या जाड पिक्सेलच्या स्क्रीनसाठी केलेली वस्तू आज मोबाइलवर शोभत नाही यात त्याचा काय दोष.)

तर उपाय एकच, देवनागरी ज्यात मुळातच आहे असा फॉन्ट स्वतः निवडून पानाला लावायचा. गूगल फॉन्ट्सवर असे बरेच आहेत, सगळे फुकट, आणि लायसन्सही मोकळं आहे, ओपन फॉन्ट लायसन्स, म्हणजे धंद्याच्या साइटवर वापरा, छापा, फाइल आपल्या सर्व्हरवर ठेवा, कोणी विचारणार नाही, फक्त नुसता फॉन्ट वेगळा काढून विकायचा नाही. ज्यांनी डीटीपीच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायच्या काळात डोंगल (सॉफ्टवेअर चालू करणारी चावी) लावून काम केलंय, एका मशीनवरचा मजकूर दुसऱ्या मशीनवर नेला की त्याचं इंग्रजी कचऱ्यात रूपांतर होताना बघितलंय, त्यांना या फुकटाची किंमत जास्त कळेल. मी लहानसहान मराठी साइट करून देतो, त्यात हे फॉन्ट आलटून पालटून लावलेत, त्यावरून लिहितोय.

मुक्ता

एक टाइप म्हणून मुंबईतला अक्षररचनाकारांचा गट आहे, मुक्ता त्यांचा. आधी याचं नाव एक मुक्ता होतं. एकसारख्या जाडीच्या रेषा, स्वच्छ वळणं, कुठे नखरा नाही. सात वजनं, म्हणजे अक्षराच्या जाड्या, मिळतात, अगदी बारीक २०० पासून जाड ८०० पर्यंत, म्हणजे शीर्षक, उपशीर्षक, मजकूर, फोटोखालची ओळ, सगळं एकाच घरातल्या माणसांकडून होऊन जातं. आणि त्यातलं इंग्रजीही याच लोकांनी देवनागरीच्या जोडीने केलेलं असल्यामुळे "WiFi फ्री, check-in १२ वाजता" टाइपच्या खिचडी वाक्यात दोन लिप्या एकमेकींशी भांडत नाहीत. मराठी पानावर खिचडी वाक्य नसतं असं पान दाखवा मला.

मला मुक्तात सगळ्यात आवडतं ते म्हणजे लहान साइजला जोडाक्षरं बुजत नाहीत. फोनवर १६ पिक्सेलला "राष्ट्र", "उत्कृष्ट", "ज्ञानेश्वर" वाचून बघा, आतली पोकळी उघडी राहते. हे महत्त्वाचं आहे कारण देवनागरीत एकाच अक्षराच्या उंचीत आपण किती माल भरतो बघा, वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार, मध्ये दोन-तीन व्यंजनं एकावर एक. इंग्रजी फॉन्टच्या सवयीने १४ पिक्सेल ठेवणारे डिझायनर असतात ना, त्यांना एकदा चाळिशीच्या चष्म्यातून आपली साइट वाचायला लावली पाहिजे.

आता तक्रारी. पहिली, मुक्ताची ओळ उंच आहे. म्हणजे फॉन्टच्या आतच वर-खाली भरपूर जागा राखून ठेवलीय, मात्रा आणि उकार कापले जाऊ नयेत म्हणून, ते बरोबरच आहे, पण त्यामुळे बटणामध्ये "आता बुक करा" लिहिलं की ते नेमकं मध्यावर बसल्यासारखं वाटत नाही आणि पॅडिंग, म्हणजे मजकुराभोवतीची जागा, हाताने एक-दोन पिक्सेल सरकवत बसावं लागतं. दुसरी, इटॅलिक नाही. तुमच्या टेम्प्लेटने अवतरणाला इटॅलिक लावलं असेल तर ब्राउझर सरळ अक्षराला ढकलून तिरकं करतो आणि ते खोटं तिरकं देवनागरी बघवत नाही. इटॅलिक बंद करून टाका, अवतरणाला रंग द्या नाहीतर डावीकडे एक रेघ द्या, काम होतं. तिसरी तक्रार म्हणावी तर चवीची आहे, मुक्ता इतका सभ्य आहे की त्याची आठवण राहत नाही. दवाखाना, सोसायटी, शाळा, ग्रामपंचायत, माहितीची साइट, इथे डोळे झाकून लावा. कथा, ललित, प्रवासवर्णन, तिथे मात्र पान थोडं ऑफिसमधल्या परिपत्रकासारखं दिसायला लागतं.

टिरो देवनागरी मराठी

हा माझा लाडका, आधीच सांगून ठेवतो म्हणजे पुढचं वाचताना थोडं मीठ कमी करून वाचाल. टिरो टाइपवर्क्स ही कॅनडातली फाउंड्री, म्हणजे फॉन्ट बनवणारी कंपनी, आणि या फॉन्टच्या मागची गोष्ट अशी की हार्वर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या मूर्ती क्लासिकल लायब्ररीसाठी, म्हणजे आपल्याकडचं जुनं वाङ्मय मूळ लिपीत एका बाजूला आणि इंग्रजी अनुवाद समोर अशी जी पुस्तकं निघतात, त्यांच्यासाठी भारतीय लिप्यांचे फॉन्ट तयार करून घेतले गेले आणि टिरोचं हे घराणं त्यातून पुढे आलं. देवनागरीच्या तीन आवृत्त्या केल्या: हिंदी, संस्कृत आणि मराठी. वेगळी मराठी! गूगल फॉन्ट्सवर नावातच मराठी असलेला फॉन्ट बघून मला जरा भरूनच आलं होतं.

फरक कुठे दिसतो, तर ल आणि श मध्ये. शाळेत आपण गिरवलेला पाकळीवाला ल आणि देठवाला श, राज्य सरकारच्या २०२२ च्या शासन निर्णयातही हेच रूप सांगितलंय, पण स्क्रीनवर आपल्या नशिबी बहुतेक दंडाचा हिंदी ल येतो. आता कोणी म्हणेल काय फरक पडतो, वाचता येतं ना. येतं. पण पान उघडल्या उघडल्या "हे काहीतरी मराठी पुस्तकासारखं दिसतंय" असं जे वाटतं ना, आणि का वाटतंय ते सांगता येत नाही, त्यात या दोन अक्षरांचा वाटा फार मोठा आहे, कारण मराठीत ल दर दुसऱ्या शब्दात येतो. केला, गेला, झालं, आलेली, घरातल्या, पुण्याला. मोजायला बसलात तर थकाल.

बाकीच्या फॉन्टमध्ये ही सोय नसतेच असं नाही. नोटो सॅन्स देवनागरीसारख्या फॉन्टच्या पोटात मराठी ल आणि श वेगळे ठेवलेले असतात, पण ते बाहेर तेव्हाच येतात जेव्हा पान स्वतः सांगतं की मी मराठी आहे. म्हणजे पानाच्या एचटीएमएल कोडच्या पहिल्या टॅगमध्ये भाषा म्हणून एमआर (mr) लिहिलेलं पाहिजे. तिथे ईएन (en, म्हणजे इंग्रजी) असेल, आणि उचललेल्या टेम्प्लेटमध्ये तेच असतं, तर ब्राउझरला वाटतं ही कुठलीतरी देवनागरी, लाव नेहमीचा ल. वर्डप्रेसवाल्यांनी सेटिंगमध्ये साइटची भाषा मराठी केली की हा टॅग आपोआप बदलतो, बाकीच्यांनी टेम्प्लेट उघडून हाताने बदला. दोन अक्षरांचं काम आहे, आणि डोळ्यांनी वाचू न शकणारे लोक जे स्क्रीन रीडर वापरतात त्यांच्यासाठीही हा टॅग लागतोच, नाहीतर मशीन मराठी मजकूर भलत्याच भाषेच्या उच्चारात वाचू शकतं. टिरो मराठीमध्ये ही भानगड नाही, लावला की मराठी.

अक्षराचं वळण म्हणाल तर जाड-बारीक रेषांचं, बोरूने लिहिल्यासारखं, जुन्या निर्णयसागरच्या पोथ्या आणि पुस्तकं ज्यांनी हाताळलीयत त्यांना ओळखीचं वाटेल. जावजी दादाजींनी मुंबईत काढलेल्या त्या छापखान्याची अक्षरं एके काळी देवनागरी छपाईचा मापदंड समजली जायची. टिरोमध्ये जोडाक्षरं अशी ऐटीत एकाखाली एक बसतात की "वाङ्मय", "उच्छ्वास", "हृदय" असले शब्द मुद्दाम लिहावेसे वाटतात. लांब ललित लेख, कथा, दिवाळी अंकाची साइट, व्यक्तिचित्रं, यासाठी याच्या तोडीचा फुकटातला दुसरा मला सापडलेला नाही.

पण. बोल्ड नाही! रेग्युलर आणि इटॅलिक, संपलं. शीर्षकाला टेम्प्लेट आपलं बोल्ड लावतंच, मग ब्राउझर तेच अक्षर थोडं फुगवून खोटं बोल्ड बनवतो आणि जाड-बारीक रेषांचं जे सौंदर्य होतं ते चिखल होऊन जातं. त्यावर दोन उपाय, एक तर शीर्षकाचं वजन हाताने नॉर्मल करा आणि साइज वाढवा, ३२-३६ पिक्सेलला टिरो बोल्डशिवायही भारदस्त दिसतो, किंवा शीर्षक दुसऱ्या फॉन्टमध्ये घ्या. आणि अगदी लहान साइजला, म्हणजे मेन्यू, तारीख, फोटोखालच्या ओळी, तिथे याच्या बारीक रेषा स्वस्तातल्या फोनवर विरघळतात. १८ पिक्सेलच्या खाली मी हा लावत नाही, १९-२० ला खुलतो.

अनेक आणि बलू, दोन्ही परत एक टाइपचेच

अनेक हा २०२२ मध्ये आलेला, व्हेरिएबल फॉन्ट, म्हणजे एकाच फाइलमध्ये वजन आणि रुंदी दोन्ही हवं तसं सरकवता येतं. भारतीय नऊ लिप्या आणि रोमन, असा मोठा संसार आहे, त्यातला आपल्याला लागतो तो अनेक देवनागरी. याची खरी गंमत रुंदीत आहे. मराठी शीर्षकं लांब होतात, प्रत्यय चिकटून चिकटून शब्दच लांब होतात, "स्वयंपाकघरातल्यांसाठीसुद्धा" असला एक शब्द फोनच्या स्क्रीनवर एकटाच एक ओळ खाऊन टाकतो, आणि मग शीर्षक चार ओळींचं होऊन फोटो पार खाली ढकलला जातो, म्हणजे पहिल्या नजरेत फक्त शीर्षकच. अनेकची रुंदी कमी केली की तेच शीर्षक दोन-तीन ओळींत बसतं आणि तरीही चेपल्यासारखं दिसत नाही, कारण ते चेपलेलं नसतंच, अरुंद रूप वेगळं काढलेलं असतं. बातम्या, पाककृती, क्रिकेट, जिथे शीर्षकाने ओरडायचंय तिथे मस्त. असल्या साइटवर मजकुराला मात्र मी मुक्ताच ठेवतो.

बलू म्हणजे गोल, गुबगुबीत, आनंदी. आधी प्रत्येक लिपीला नावं सुद्धा गमतीची होती, गुजरातीला बलू भाई, बांगलाला बलू दा, गुरमुखीला बलू पाजी, तमिळला बलू थंबी. आता वापरायचा तो बलू २, यात ४०० ते ८०० वजनं आहेत. लहान मुलांच्या गोष्टी, बेकरी, पाळणाघर, खाऊचं दुकान, तिथे शीर्षकाला बलू लावला की पान हसायला लागतं. पण श्रद्धांजलीचा लेख, वकिलाची साइट, दवाखाना, तिथे कृपा करून नको. एका पतसंस्थेच्या साइटवर ठेवींचे व्याजदर बलूमध्ये बघितलेत मी, पैसे ठेवावेसे वाटेनात.

पॉपिन्सबद्दल लोक विचारतात म्हणून दोन ओळी, अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा, यात देवनागरी आहे, नऊ वजनं, इटॅलिकही आहेत, आणि हल्ली अर्ध्या टेम्प्लेटमध्ये आधीच लावून येतो त्यामुळे काही न करता मराठी नीट दिसतं, हा मोठाच फायदा. भूमितीतल्या गोलासारखी वळणं, शीर्षकाला, ॲपला, बटणाला छान. लांब मजकूर मात्र मला वाचवत नाही, सगळी अक्षरं सारखीच टवटवीत, डोळा टेकायला जागा नाही. आणि सगळीकडे तोच दिसतो. त्यांचाच हिंद नावाचा आहे, साधा, स्क्रीनसाठीच केलेला, मुक्ता आवडला नाही तर तो बघा.

आता सगळ्यात नावडता भाग, फाइलचं वजन आणि वेग, कारण फॉन्ट कितीही सुंदर असला तरी तो येईपर्यंत माणूस निघून गेला तर काय उपयोग. देवनागरी फॉन्टची फाइल रोमनपेक्षा मोठीच असते, युनिकोडमध्ये देवनागरीचा तक्ता मूळ १२८ जागांचाच आहे पण जोडाक्षरांची रूपं, अर्धी अक्षरं, वेलांटीच्या लहानमोठ्या लांब्या असं सगळं धरून फॉन्टच्या आत शेकड्यांनी आकार काढून ठेवावे लागतात. त्यामुळे मुक्ताची सातच्या सात वजनं जोडणारे जे लोक आहेत त्यांना हात जोडून विनंती, दोन घ्या. रेग्युलर आणि बोल्ड. फारच हौस असेल तर मधलं ६००. गूगलच्या मापात पानावरची मुख्य गोष्ट अडीच सेकंदांच्या आत दिसली पाहिजे, आणि घाटात, तालुक्याच्या गावी, एसटीत बसून तुमचं पान उघडणाऱ्याला हे अडीच सेकंद फार लवकर संपतात.

मग फॉन्ट येईपर्यंत दाखवायचं काय, हा प्रश्न येतो. त्यासाठी फॉन्टला सेटिंग असते, त्यात स्वॅप लावलं तर आधी फोनचा फॉन्ट दिसतो आणि मग धप्पकन आपला येतो, ओळी इकडच्या तिकडे उड्या मारतात, वाचणारा "वाचा पुढे" वर बोट ठेवायला जातो आणि बोट भलतीकडेच पडतं. देवनागरीत ही उडी जास्त मोठी असते कारण फॉन्टागणिक ओळीची उंची फार बदलते, मुक्ताची उंच ओळ वर लिहिलीच आहे. ऑप्शनल नावाची दुसरी सेटिंग आहे, फॉन्ट पटकन आला तर लावायचा, नाहीतर या वेळी फोनचाच फॉन्ट राहू द्यायचा, पुढच्या वेळी कॅशमधून, म्हणजे ब्राउझरने साठवून ठेवलेल्या फाइलींतून, मिळेल. माहितीच्या साइटला मी ऑप्शनल लावतो, ललितच्या साइटला स्वॅप, आणि स्वॅपच्या वेळी मागचा फॉन्ट म्हणून नोटो सॅन्स देवनागरीचं नाव देऊन ओळीची उंची आकड्याने ठरवून टाकतो, १.७ ते १.८ मजकुराला, म्हणजे उडी कमी होते.

"गूगलचा फॉन्ट सगळ्यांच्या ब्राउझरमध्ये आधीच असतो, त्यामुळे वेळ लागत नाही" हे अजून लोक ऐकवतात. ते जुनं झालं. २०२० पासून क्रोम प्रत्येक साइटचा कॅश वेगळा ठेवतो, दुसऱ्या साइटसाठी उतरवलेला फॉन्ट तुमच्या साइटला मिळत नाही. त्यापेक्षा फाइल आपल्या सर्व्हरवर ठेवलेली बरी, एक कनेक्शन वाचतं. जर्मनीतल्या मराठी मंडळांच्या साइट सांभाळणाऱ्यांनी तर ठेवाच, म्युनिकच्या कोर्टाने जानेवारी २०२२ मध्ये गूगलवरून फॉन्ट ओढणाऱ्या साइटला शंभर युरो भरपाई द्यायला लावली होती, वाचकाचा आयपी पत्ता त्याला न विचारता गूगलकडे जातो म्हणून.

फॉन्ट लावून झाल्यावर टेम्प्लेटमधलं एक शोधून काढाच, लेटर स्पेसिंग. इंग्रजी शीर्षकाची अक्षरं लांब लांब ठेवली की श्रीमंत दिसतात म्हणून डिझायनर ते ठोकून देतात, आणि मराठीत त्याने शिरोरेषेचे तुकडे होतात, अक्षराअक्षरामध्ये फट. मोठमोठ्या ज्वेलर्सच्या होर्डिंगवरही दिसतं हे. शून्य करा. तसंच शीर्षकाची ओळ-उंची १.१ किंवा १.२ असते, ती मराठीला पुरत नाही, वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो, १.४ तरी ठेवा. पहिलं अक्षर मोठं करायची हौस असेल तर "स्त्री", "श्रावण", "क्षितिज" ने सुरू होणारा परिच्छेद घेऊन दोन-तीन फोनवर बघा आणि मग ठरवा. आणि जस्टिफाय, म्हणजे दोन्ही कडा सरळ करणं, काढा हो, मराठीत शब्द लांब आणि ओळीच्या शेवटी तोडायची सोय धड नाही, मग फोनच्या अरुंद ओळीत दोन शब्द टोकाला आणि मध्ये मैदान.

तपासायला एक वाक्य ठेवलंय मी, कुठलाही नवीन फॉन्ट आला की आधी तेच टाकतो: "कऱ्हाडच्या दुसऱ्या शाळेतल्या ॲड. काळ्यांनी उत्कृष्ट वाङ्मय तऱ्हेतऱ्हेने वाऱ्यावर सोडलं." अर्थ शोधू नका. यातला ऱ्या आणि ऱ्ह चंद्रकोरीसारखा नीट जोडला गेला पाहिजे, तो जर रफार होऊन डोक्यावर गेला किंवा पाय मोडून नुसता उभा राहिला तर तो फॉन्ट मराठीसाठी केलेलाच नाही, हिंदीत हे लागत नाही म्हणून बरेच जण विसरतात. ॲ मध्ये ठिपक्यांचं वर्तुळ दिसलं तरी तेच. हे वाक्य वर सांगितलेल्या सगळ्या फॉन्टमध्ये टाकून बघा आणि मुख्य म्हणजे तुमच्या फोनवर नाही, घरातल्या सगळ्यात जुन्या फोनवर बघा, ज्याची काच तडकलीय तो.

आणि अजून एक, लोक तुमच्या पानावर थेट येतच नाहीत, व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून येतात, म्हणजे पहिली नजर पानाला नाही, त्या छोट्या चौकोनातल्या चित्राला आणि खालच्या दीड ओळीला मिळते. ते चित्र जुन्या फोटोशॉपमध्ये करत असाल तर सेटिंगमध्ये भारतीय लिप्यांसाठीचा वर्ल्ड-रेडी पर्याय चालू करा, नाहीतर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न बसता नंतर जाते आणि जोडाक्षरं सुटी पडतात, आणि असली चित्रं वाढदिवसाच्या बॅनरपासून सरकारी जाहिरातींपर्यंत रोज दिसतात. चित्रावर शब्द पाच-सहाच, अनेकचं जाड वजन किंवा बलू. टिरो तिथे नको, एवढ्या लहान आकारात त्याच्या बारीक रेषा टिकत नाहीत. लिंकचा पत्ता सुद्धा मराठीत ठेवू नका, पेस्ट केला की टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होते आणि आपल्या काकांना वाटतं व्हायरस आहे.

मार्क द्यायचे तर मुक्ताला पाचपैकी साडेचार, अर्धा त्या बटणांमुळे कापला. टिरो मराठीला चार, बोल्ड आलं की पाच देईन आणि वर पेढे वाटीन. अनेकला चार. बलूला साडेतीन, कारण चुकीच्या हातात पडतो जास्त. पॉपिन्सला तीन. सध्या माझी आवडती जोडी म्हणजे शीर्षक अनेकमध्ये थोडं अरुंद, ७०० वजन, आणि मजकूर टिरो मराठी १९ पिक्सेल. मेन्यू, तारखा, बटणं यांना काहीच न लावता फोनचा फॉन्ट. त्या कोपऱ्यातल्या चार शब्दांसाठी तिसरी फाइल उतरवायला मन होत नाही.

मोदक नावाचा अजून एक आहे एक टाइपचाच, इतका जाड की अक्षराच्या आतली पोकळी नुसती रेघ होऊन उरते. पूर्ण वाक्य त्यात वाचवत नाही, पण गणपतीच्या दिवसांत साइटच्या माथ्यावर एकच शब्द मोठ्ठा टाकायला घ्या, धमाल दिसतो, आणि अनंत चतुर्दशीला आठवणीने काढा.